आरशातली चंद्री

परवा मी लेकीच्या नव्याकोऱ्या गाडीत दोन लिटर दही सांडलं. म्हशीचं, घट्ट, घरी लावलेलं दही. लेकीच्या सासरी द्यायचं म्हणून आमच्या मंडळींनी स्टीलच्या डब्यात भरून मांडीवर धरलं होतं. लेकीच्या गाडीला क्लच नाही. ती म्हणाली, "पप्पा, घ्या की चालवायला, काय करायचंच नसतंय हिच्यात." काहीच करायचं नसलं की माझ्यासारख्या माणसाच्या हातून हमखास काहीतरी होतं. दसरा चौकाच्या अलीकडे सिग्नल लागला, माझा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला, त्याला जे सापडलं ते त्याने सगळ्या ताकदीने दाबलं, आणि तो ब्रेक निघाला. गाडी जागच्या जागी खिळली. दही मात्र चालतच राहिलं. लेक मागच्या सीटवरून म्हणाली, "पप्पा, तो पाय दुमडून बसा बघू." मी मुकाट्याने दुमडला. पण मनात म्हटलं, पोरी, त्या पायाला बोलू नकोस. तो पाय थांबायला कुठे शिकला आणि कुणामुळे शिकला, हे तुला ठाऊक नाही.

तेव्हा आमचं घर कसबा बावड्यात होतं, म्हणजे आजही तिथेच आहे, फक्त आजूबाजूचा ऊस जाऊन अपार्टमेंटं उगवली आहेत. त्या काळी आमच्या दारात पाच म्हशी असायच्या. पहाटे जाग यायची ती बादलीत पडणाऱ्या धारेच्या आवाजाने. आधी रिकाम्या बादलीवर टण्‌ टण्‌, मग फेस धरला की भरदार सर्र सर्र. डोळे न उघडता मला आवाजावरून सांगता यायचं की आबा कुठल्या म्हशीखाली बसलेत. त्यानंतर साखर कारखान्याचा भोंगा व्हायचा. हंगामात मळीचा गोडसर आंबूस वास सगळ्या बावड्यावर पसरलेला असायचा. पाहुणे नाक मुरडायचे आणि आम्हाला कळायचंच नाही की कशाला. चुलीपुढे आई बसलेली असायची. शिळी भाकरी कुस्करून तिच्यावर नुकतंच काढलेलं दूध, आणि तोंडी लावायला खर्डा. दुधाबरोबर खर्डा खातात हे मी बाहेर कुठे सांगितलं की लोक माझ्याकडे दयेने बघतात. बघू देत.

आबा, म्हणजे माझे वडील, माणसांशी कमी आणि म्हशींशी जास्त बोलायचे. आमच्याशी बोलायचं झालं तर तेही म्हशींच्याच भाषेत. "हो हो", "हिकडं", "सर जरा" एवढ्यावर त्यांनी तीन मुलं वाढवली. सगळ्या म्हशींत त्यांचा जीव चंद्रीवर. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चंद्री. ही चंद्री पळणारी म्हैस होती. बाहेरच्यांना हे सांगावं लागतं: आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. अंगावरचे केस भादरून, तेल चोळून काळ्या आरशासारखी चमकवतात, शिंगं रंगवतात, गळ्यात घुंगरांचा पट्टा, शिंगांना रिबिनी आणि मोरपिसं. आणि मग मालक मोटारसायकलवर बसतो, सायलेन्सर आधीच काढून ठेवलेला असतो, त्या फाड फाड आवाजामागे म्हैस एकटी, बिनदाव्याची, सुसाट पळते. कुणी हाकत नाही, कुणी ओढत नाही. आपल्या मालकाच्या गाडीचा आवाज ती शंभरात ओळखते आणि त्याच्याच मागे जाते. त्यासाठी तिला रेडकू असल्यापासून शिकवावं लागतं.

त्या शिकवणीत माझं काम होतं मोटारसायकलवर उलटं बसायचं. आबा पुढे तोंड करून गाडी चालवणार, मी त्यांच्या पाठीला पाठ लावून मागे तोंड करून बसणार आणि चंद्रीला हाका मारणार. मी अक्षरशः उलटा बसून वाढलो. कुठे चाललोय ते मला कधी दिसलं नाही. कुठून आलो तेवढं दिसायचं, आणि त्याच्यामध्ये फुरफुरत येणारं चंद्रीचं तोंड. पण त्यामुळे एक गोष्ट मला पाठीतून कळली. म्हैस पळवणं सोपं असतं. अवघड असतं ते तिला थांबवणं. समोरची गाडी झटक्यात थांबली तर चारपाचशे किलोची म्हैस थांबू शकत नाही. ती गाडीवर आदळते, शिंग मोडतं, पाय मोडतो, आणि पाय मोडलेल्या म्हशीचं पुढे काय होतं ते आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नसे. म्हणून आबा फार आधीपासून थांबायला लागायचे. पहिल्यांदा आवाज उतरवायचे. आवाज उतरला की चंद्रीचे कान हलायचे, मान वर यायची. मग आबा डावीकडे सरकत जायचे, चंद्री दुडक्या चालीवर यायची, मग चालायला लागायची, तिचं ओलं नाक माझ्या गुडघ्याला लागायचं, आणि त्यानंतर कुठे आबांचा पाय ब्रेकवर जायचा. मला पाठीला कळायचंसुद्धा नाही की गाडी कधी थांबली. "दमानं," एवढंच ते म्हणायचे. चंद्रीला म्हणायचे की मला, ते कधी कळलं नाही.

पुढे मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागलो. पंचतारांकित हा शब्द ऐकून आईला वाटलं होतं की पोरगा हॉटेलात लागला. माझं लग्न ठरलं तेही कागलच्याच मुलीशी, मंगलशी. मे महिन्यात लग्न झालं आणि सप्टेंबरात आमच्या कारखान्यातल्या एका साहेबांनी त्यांची जुनी पांढरी मोटार विकायला काढली. मी ती घेतली. का घेतली, याचं मी घरात कारण सांगितलं की पावसाळ्यात कामावर जायला बरी. खरं कारण असं होतं की पहिला दिवाळसण तोंडावर आला होता, आणि नवा जावई सासरच्या दारात आपल्या हाताने मोटार चालवत उतरतोय हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. त्या चित्रात मी गॉगलही घातलेला होता.

चालवायला शिकवलं श्यामूतात्यांनी. आबांचे धाकटे भाऊ, आयुष्यभर उसाचा ट्रक हाणलेला माणूस. ऊसतोड सुरू व्हायला महिना होता, म्हणून साखर कारखान्याकडचा रस्ता मोकळा होता, आणि तात्याही. तीन सकाळी त्यांनी मला गाडी चालू कशी करायची, गियर कसे टाकायचे, वळवायची कशी हे सगळं शिकवलं. म्हणजे शेजारी बसून ओरडले. चौथ्या दिवशी मी विचारलं, "तात्या, थांबवायची कशी ते न्हाय सांगिटलं."

"थांबवायला काय शिकायचं असतंय मर्दा? भिंत दिसली की माणूस आपोआप थांबवतोय." आणि ते ट्रकच्या कामाला निघून गेले.

भिंती मला दिसत होत्या. थांबवत होतो तेही आपोआप, म्हणजे जीव खाऊन. माझ्या गाडीला दोनच गती होत्या, एक जायची आणि एक खिळायची. मधलं काही नव्हतं. ब्रेक दाबताना क्लच विसरायचो, मग इंजिन एक आचका देऊन बंद पडायचं. क्लच आठवला की तो आधी दाबायचो, मग गाडी मोकळी सुटून उतारावर स्वतःच्या मर्जीने धावायची आणि घाबरून मी पुन्हा ब्रेकवर उभा राहायचो. रस्त्याच्या कडेला घेणं तर दूरच. आरसा मी आपल्या तोंडाकडे वळवून ठेवला होता, भांग बघायला. गल्लीत गाडी आली की लोक ओट्यावर पाय वर घेऊन बसायचे. आई एकदाच बसली, अंबाबाईला जायला. बिंदू चौकात मी थांबवली तेव्हा ओटीचा नारळ तिच्या मांडीवरून सुटून पुढच्या काचेला जाऊन धडकला. आई शांतपणे म्हणाली, "अन्या, देवीकडं न्यायला निगालायस का देवाघरी?"

आबा गाडीत बसलेच नाहीत. "जिला मागचं कळत न्हाय तिच्यात मी बसत न्हाय," असं म्हणाले. मला वाटलं, म्हातारा गाडीला नावं ठेवतोय.

रोज संध्याकाळी सराव करताना शेजारी मंगल बसायची. नवी सून, चार महिन्यांची, घरात मोजकं बोलणारी. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "लई गरीब सभावाची हाय गं, तोंड उघडत न्हाय." ती एक हात वरच्या कडीला आणि एक हात समोरच्या फळीला लावून बसायची आणि प्रत्येक थांब्याला उजवा पाय खाली जोरात दाबायची, जिथे तिच्या बाजूला ब्रेक नव्हता तिथे. पण एका शब्दाने कधी बोलली नाही. मी मनाशी धरून चाललो की तिला माझं चालवणं आवडतंय. नवरा झालेल्या माणसाला सुरुवातीला असे भास होतात.

दिवाळीच्या आठवडाभर आधी मी गाडी मागे घेताना म्हशींच्या पाण्याच्या दगडी टाकीवर घातली. सायलेन्सर मधोमध फाटला. तारेने बांधला, पण आवाज असा यायला लागला की गल्लीतली पोरं बाहेर येऊन बघायची. मेकॅनिक म्हणाला, दिवाळी झाल्यावर ये. खरं सांगू का, मला तो आवाज आवडला होता. फाड फाड फाड. जावयाला साजेसा. तो आवाज कुणाच्या तरी चांगल्याच ओळखीचा आहे, हे घरभर म्हशी असलेल्या माणसाच्या डोक्यात येऊ नये, याला काय म्हणावं.

त्या वर्षी चंद्री पाडव्याला पळाली नाही. गाभण होती, सातवा महिना चालू होता. आबांनी तिला भादरलं, तेल लावलं, शिंगं लाल रंगवली, घुंगरं बांधली, आणि गोठ्यातच ठेवली. सकाळपासून रस्त्यावरून एकेकाच्या गाड्या फाडफाडत जाऊ लागल्या आणि त्यांच्या मागे दुसऱ्यांच्या म्हशी. चंद्री प्रत्येक आवाजाला कान टवकारायची, दाव्याला हिसके द्यायची, मग मान खाली घालायची. वैरणीला तोंड लावेना. बाकीच्या म्हशी पळवायला आबांना चार जणांनी बोलावलं. ते गेले नाहीत. दिवसभर गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून राहिले. आईने फराळाची ताटली नेऊन दिली, तर त्यातली एक करंजी चंद्रीला दिलेली मी पाहिली. आजकाल पाडव्याला मोठमोठे फलक लागतात, ड्रोन उडतात, म्हशींच्या पाठीवर नावं कोरतात. मला ते बघायला आवडतं. पण पाडवा म्हटलं की मला आधी तो न पळालेला पाडवा आठवतो, उंबऱ्यावर बसलेला माणूस आणि आत रुसलेली म्हैस.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मंगलला भावाला ओवाळायचं होतं आणि मला दिवाळसणाला पोचायचं होतं. आईने मागच्या सीटवर फराळाची पाटी ठेवली, वर धुतलेलं फडकं बांधलं. मंगल नव्या मोरपंखी साडीत. मी सफारीत, खिशात गॉगल. आबा गोठ्यातून बाहेर आले. "तात्याला घे संगट. त्यो चालवंल, तू बस," म्हणाले.

"कशाला आबा? येतंय की मला."

"जायाला येतंय," आबा म्हणाले आणि आत गेले.

मी चिडून किल्ली फिरवली. फाड फाड फाड. आई दोन्ही कानांवर हात ठेवून म्हणाली, "पोचल्यावर फोन करा." गावातल्या पिंजार गल्लीतून न जाता मी सरळ नदीच्या बाजूचा रस्ता धरला. पूल ओलांडला की पुढे हायवे लागतो, आणि तिथून कागलला सरळ. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये अरुंद रस्ता, कडेला मातीची साईडपट्टी, तिच्यापलीकडे उतार. हंगाम नुकताच लागला होता, समोरून उसाचे ट्रॅक्टर दोन दोन ट्रॉल्या ओढत येत होते. मी चौथ्या गियरमध्ये होतो, त्यामुळे खुशीत होतो. गॉगल काढावा का, या विचारात होतो.

मंगल पाटीवरचं फडकं सारखं करायला मागे वळली. वळली ती तशीच राहिली.

"अवो," ती म्हणाली. "चंद्री."

"बांधलीय की. आबा हाईत घरात."

"घरात न्हाय. मागं हाय."

"मागं म्हंजे?"

"म्हंजे गाडीच्या मागं. पळत याय लागलीया."

मी आरसा वळवला. त्या आरशात पहिल्यांदाच माझ्याशिवाय दुसरं कोणी दिसलं. लाल शिंगं, कपाळावरचा ठिपका, ताणलेल्या नाकपुड्या, गळ्यातून लोंबणारा तुटक्या दाव्याचा तुकडा. एक दिवस उशिरा तिचा पाडवा सुरू झाला होता. आणि ती मला तशीच दिसत होती जशी लहानपणी उलटं बसून दिसायची, तेच तोंड, तेवढंच अंतर. फक्त तेव्हा ती गाभण नव्हती. आता तिचं पोट दोन्ही बाजूंना हेलकावत होतं.

पहिला विचार सवयीचाच आला. ब्रेक. पाय उचललासुद्धा. आणि मग कळलं की मी मला येतो तसा थांबलो, तर ती माझ्या डिकीवर आदळणार. पोटातल्यासकट. वेग वाढवून पुढे सटकावं म्हटलं तर तिला लहानपणापासून हेच शिकवलेलं, की गाडी जोरात तर आपणही जोरात. आणि पुढे पूल, त्यापुढे हायवे. तिथून ट्रक सत्तर-ऐंशीने जातात. त्यांना म्हशीची दिवाळी कळत नाही.

"थांबवा की!" मंगल म्हणाली.

"थांबवली तर मरंल ती!"

"मग थांबवू नगा!"

"तरीबी मरंल!"

असं आमचं नवरा-बायकोचं पहिलं मोकळं बोलणं झालं. समोरून ट्रॅक्टर आला, ड्रायव्हरने आमची वरात पाहिली आणि ट्रॅक्टरावर अर्धवट उभा राहून ओरडला, "पावणं! म्हस मागं हाय! म्हस!" जणू मी ती विसरून चाललो होतो.

मी पाय ॲक्सिलरेटरवरून काढला. एवढंच केलं. ब्रेक नाही, क्लच नाही. आवाज उतरायला लागला. फाड फाडचं फड फड झालं, आणि आरशात चंद्रीचे कान हलले. ते कान बघितले आणि मला पाठीत आबांची पाठ लागल्यासारखी झाली. पुढचं मला शिकवलेलं होतं. फक्त उलटं बसवून शिकवलेलं होतं. चौथ्यातून तिसरा. गाडी गुरगुरली, आपसूक मंदावली. चंद्रीने मान वर केली. डावीकडे घेतो हे सांगायला दिवा लावायला गेलो, तर कोरड्या काचेवर वायपर करकरत फिरायला लागला, फिरू दिला. मागून कुणी अंगावर येऊ नये म्हणून उजवा हात खिडकीबाहेर काढून वरखाली हलवत राहिलो. एक डोळा आरशात, एक डोळा साईडपट्टीवर. थोड्या पुढे एक बंद रसवंती होती, तिच्यापुढे घट्ट, सपाट जागा. तिथे पोचायचं. तिसऱ्यातून दुसरा. चंद्री दुडक्या चालीवर आली. "दमानं," मी म्हणालो. चंद्रीला म्हणालो, गाडीला म्हणालो, पायाला म्हणालो. डावी चाकं मातीवर उतरली, पाटीतल्या चकल्या खुळखुळल्या. ब्रेकवर पाय नुसता टेकवला, अंगठ्याने, सायीला बोट लावावं तसा. चंद्री चालायला लागली. आरशातून दिसेनाशी झाली, आणि माझ्या खिडकीबाहेरच्या हाताला तिचं ओलं नाक लागलं. तेव्हा कुठे शेवटच्या क्षणी क्लच दाबला आणि गाडी थांबली.

इंजिन बंद पडलं नाही. त्या गाडीच्या माझ्या हातातल्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं होतं. पुढे काय करायचं ते मला ठाऊकच नव्हतं. मग हँडब्रेक ओढला, गियर काढला, किल्ली बंद केली. वायपर काचेच्या मध्यावर तसाच उभा राहिला. माझा डावा पाय क्लचवरच राहिला होता. हाताने धरून खाली ठेवावा लागला.

मंगल तोवर खाली उतरलीसुद्धा होती. मोरपंखी साडीचा पदर खोचून तिने दाव्याचा तुकडा पकडला आणि रसवंतीच्या खांबाला दोन वेढे देऊन गाठ मारली. शेतकऱ्याची पोर. चंद्री तोंडातून फेस गाळत, कुशी हलवत उभी. आम्ही दोघं दोन बाजूंना. तिच्या पोटाकडे बघायचं धाडस मला होईना.

आबा आले ते शेजारच्या पाटलांच्या स्कूटरवर मागे बसून. बनियनवर, अनवाणी. स्कूटर थांबायच्या आधीच उतरले. माझ्याकडे बघितलं नाही, गाडीकडे बघितलं नाही. चंद्रीच्या चारही पायांवरून वरून खाली हात फिरवला, खूर बघितले, मग उजव्या कुशीला तळहात लावला आणि डोळे मिटून उभे राहिले. उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, पाटील काहीतरी विचारत होते, आबांना ऐकू येत नव्हतं. हात थोडा खाली सरकवला. पुन्हा थांबले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. तेवढा वेळ मी आयुष्यात कुठल्याही सिग्नलला थांबलेलो नाही.

"हाय," आबा म्हणाले. "हलतंय. लाथ मारली."

मंगलने डोळ्यांना पदर लावला. आबांनी चंद्रीच्या कपाळावरच्या ठिपक्यावर हात ठेवला आणि मग पहिल्यांदा वळून गाडीची मागची बाजू बघितली. बोट फिरवून बघितली. एक ओरखडा नव्हता.

"धडकली न्हाय?"

"न्हाय आबा."

"कशी थांबवलीस?"

"तुमी थांबवताय तशी."

खाली वाकून आबांनी तारेने बांधलेला सायलेन्सर बघितला, बराच वेळ बघितला. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. "ह्यो नवा घालून मगच बावड्यात पाय ठेव," म्हणाले. "न्हायतर गाडी कागलातच ऱ्हाऊ दे, तू ये." मग दावं सोडलं, चंद्रीला फिरवलं आणि चार पावलं जाऊन थांबले. "आन्‌ येताना," मागे न बघता म्हणाले, "मी हायवेपतूर येतो, तितनं मला घे. बघू तरी गाडीत बसून." चंद्रीच्या डाव्या बाजूने, रस्त्याच्या आणि तिच्यामध्ये स्वतः राहून, ते बावड्याच्या दिशेने चालू लागले. मागून पाटील स्कूटर ढकलत, कारण आबांनी त्यांना ती सुरू करायला मनाई केली होती.

मनाई आम्हालाही होती. चंद्री ऐकू येण्याच्या पल्याड जाईपर्यंत किल्ली फिरवता येणार नव्हती. त्यामुळे अर्धा-पाऊण तास आम्ही त्या बंद रसवंतीपुढे गाडीत बसून काढला. मंगलने पाटीवरचं फडकं सोडलं. तिने माहेरच्या पद्धतीने केलेली कडबोळी आणि आमच्याकडची चकली समोरच्या फळीवर मांडली. खिडकीतून उसाचा वास येत होता. माझ्या हाताला चंद्रीच्या नाकाचा ओलावा अजून होता, तो मी सफारीला पुसला नाही. आबा वळणावर दिसेनासे झाले आणि मग हळूहळू माझ्यातला जावई पुन्हा जागा झाला. गॉगल घातला. सीटवर मागे रेलून म्हणालो, "बघितलंस न्हवं, कशी थांबवली?"

मंगलने तोंडातलं कडबोळं नीट चावून संपवलं. पदराला हात पुसले. लग्न झाल्यापासून ती माझ्याशी एका दमात एवढं बोलली नव्हती, आणि त्यानंतर आजतागायत थांबलेली नाही.

"झ्याक थांबवली की," ती म्हणाली. "म्हंजे तुमाला येतंय. आता हितनं फुडं मी गाडीत बसत न्हाय बघा. चंद्रीगत मागनं पळत येतो. तवाच तुमी जपून थांबवशीला."